नाव आपले, पण गिऱ्हाईक कोणाचे? छोट्या उत्पादकाचा ब्रँड आणि डिजिटल बाजार

कातळसडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमची हापूसची बाग देवगड तालुक्यात आहे. वडिलांच्या काळात सगळा आंबा वाशीच्या बाजारात जात असे. मागाहून दलालाची पट्टी येई आणि तिच्यावर जो आकडा असेल तो मान्य करण्यापलीकडे बागायतदाराच्या हाती काही नसे. पेटीवर आमचे नाव ठळक रंगवलेले असे, परंतु गाळ्याच्या पुढे ते नाव कोणालाच ठाऊक नव्हते, कारण खाणाऱ्याच्या घरी पोहोचेपर्यंत पेटी फोडून आंबा डझनावर विकला गेलेला असे. आता मी आणि माझा चुलतभाऊ मिळून बराचसा आंबा थेट मुंबई, पुणे, नाशिक येथील घरांत पाठवतो. या बदलातून जे प्रश्न उभे राहिले त्यांवर येथील जाणकारांशी सविस्तर बोलावे, म्हणून हा धागा.

पहिला प्रश्न ओळखीचा आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या प्रदेशाच्या मालाची कायदेशीर ओळख) मिळाले. तरीही एप्रिल महिन्यात इंटरनेटवर 'देवगड हापूस' असे शोधून पाहिले, तर इतकी पाने समोर येतात की, तेवढा आंबा या तालुक्यात पिकतो का, अशी शंका यावी. अनेक पानांवर फोटो तेच, मजकूरही तोच, आणि पेटीत मात्र परराज्यातला आंबा. पूर्वी असे सोंग घ्यायला निदान गाळा आणि माल लागत असे. आता एक फोन आणि उचललेले चार फोटो पुरतात. यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर विशिष्ट क्रमांकाचा, काढून पुन्हा लावता न येणारा स्टिकर आणला. ग्राहकाने त्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की, खरेपणाची पडताळणी होते. हे पाऊल मला फार मोलाचे वाटते, कारण खरे-खोटे करण्याचे साधन त्यामुळे खाणाऱ्याच्या हाती आले.

दुसरा प्रश्न साक्याचा आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: फळ बाहेरून निर्दोष असते, रंग आलेला असतो, देठाशी वास सुरेख येतो, आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. तोडणीच्या वेळी किंवा अढीत, म्हणजे पिकायला रचून ठेवल्यावर, हा दोष बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे कितीही काळजी घेतली तरी काही पेट्यांत साका जाणारच. अशा वेळी आमचा नियम एकच आहे. ग्राहकाने कापलेल्या फळाचा फोटो पाठवावा आणि आम्ही वाद न घालता तेवढी फळे पुढच्या पेटीत वाढवून द्यावीत किंवा त्यांचे पैसे परत करावेत. माझे निरीक्षण असे की, ज्यांना अशी भरपाई मिळाली ती कुटुंबे पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतात आणि शेजाऱ्यांनाही आमचा क्रमांक देतात. सुंदर फोटो टाकून मिळालेल्या ग्राहकांच्या बाबतीत हे क्वचितच घडते.

म्हणून माझे मत मांडतो. डिजिटल युगात छोट्या उत्पादकाचा ब्रँड त्याच्या चिन्हावर किंवा अनुयायांच्या संख्येवर उभा राहत नाही. ग्राहकाला आपला माल पडताळून पाहता यावा, तक्रार घेऊन थेट आपल्यापर्यंत येता यावे आणि त्या ग्राहकाची नोंद आपल्या स्वतःच्या वहीत असावी, या आधारावर तो उभा राहतो. हे मत कितपत टिकते ते आपण सांगावे.

---

मुद्रितशोधक

धागा आवडला. मी अनेक वर्षे मुंबईत जाहिरात क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे पैशाच्या बाजूने थोडे लिहितो.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे दरपत्रक छापील असे. शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे जाहिरातीची जागा अशा ठरलेल्या दराने विकत नाहीत. कोणी 'हापूस ऑनलाइन' असे टाइप केले की, जाहिरात त्याला एकदा दाखवण्यासाठी क्षणार्धात लिलाव होतो आणि बोलीची रक्कम व जाहिरातीची उपयुक्तता यांचा मेळ घालून जागा दिली जाते. आंब्यासारख्या हंगामी मालाची अडचण अशी की, सगळे विक्रेते त्याच सहा-आठ आठवड्यांत त्याच शब्दांवर बोली लावतात. मागणी चढते तशी बोली चढते आणि नफ्याचा मोठा हिस्सा जाहिरातीत निघून जातो.

एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका क्लिकला १० रुपये पडतात आणि ४० क्लिकमागे एक जण पेटी मागवतो. म्हणजे एक ग्राहक ४०० रुपयांना पडला. पेटीमागे सर्व खर्च वजा जाता ३०० रुपये सुटत असतील, तर पहिल्या पेटीवर १०० रुपये तोटा झाला. आता तोच ग्राहक पुढची तीन वर्षे जाहिरातीशिवाय थेट फोन करून दरवर्षी एक पेटी घेत राहिला, तर त्याच ४०० रुपयांवर चार पेट्यांचे १,२०० रुपये सुटले आणि ८०० रुपये हाती राहिले. तो पुन्हा आलाच नाही, तर दरवर्षी नवा ग्राहक ४०० रुपयांना विकत घेत बसावे लागेल आणि धंदा वाढेल तसा तोटाही वाढेल. कातळसडा यांनी साक्याबद्दल जो नियम सांगितला, त्याचे मोल या हिशेबात आहे. मी ज्या छोट्या व्यावसायिकांना सल्ला देतो, त्यांना सर्वांत आधी एवढेच विचारतो की, गेल्या वर्षीच्या शंभर ग्राहकांपैकी या वर्षी किती परत आले. बहुतेकांना अनुयायांची संख्या तोंडपाठ असते, पण हा आकडा त्यांनी कधी काढलेलाच नसतो.

आपल्याकडचे एक जुने उदाहरणही येथे आठवते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे, हा त्याचा आरंभीचा हेतू होता. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते वाढत गेले आणि पुढे मराठी मध्यमवर्गाचे आवडते मासिक झाले. त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याने वाचकाला उपयोगी आणि आवडेल असे काही नियमितपणे दिले आणि त्यातून त्याचे नाव घराघरांत गेले. आज ज्याला आशयाधारित विपणन म्हणतात ते महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी झाले होते, आणि वर्गणीदारांची यादी कारखान्याच्या स्वतःच्या हाती होती, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते.

---

तिठा

दोन्ही प्रतिसाद वाचले. मला येथे काहीसा वेगळा विचार मांडावासा वाटतो. ज्याच्याकडे आधीच काही ग्राहक आहेत त्याला टिकवण्याची भाषा शोभते. परंतु ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याने काय करावे? माझी वहिनी सांगोल्याकडे डाळिंबाचे पदार्थ करते. तिच्या गावात तिच्या मालाला शहरातला भाव मिळणार नाही आणि शहरात तिची ओळख नाही. तिला पहिली शंभर गिऱ्हाइके मिळाली ती समाजमाध्यमावरच्या छोट्या चित्रफितींमुळे आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेमुळे. त्या बाजारपेठेने कमिशन घेतले हे खरे, पण पैसे वेळेवर दिले, पार्सल उचलले आणि भारतभर पोहोचवले. हे सगळे तिने स्वतःच्या बळावर कसे केले असते? मोठ्या मंचांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांच्याशिवाय खेड्यातल्या बाईला दारेच उघडत नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

---

कातळसडा

तिठा, आपला मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. मंच वापरूच नयेत असे माझे म्हणणे नाही, आम्हीही ते वापरतो. माझा आग्रह एवढाच आहे की, मंचावर भेटलेला माणूस लवकरात लवकर आपल्या वहीत यावा. मंचावरची प्रसिद्धी ही भाड्याच्या जागेतल्या दुकानासारखी असते. जागेचा मालक बदलला किंवा त्याने दार लावले, तर दुकानाची पाटीही आत अडकते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा ज्यांचे सारे प्रेक्षक तेथेच होते त्यांचा त्यांच्याशी असलेला संबंध तुटला. सातारा, बीड, नगरकडच्या कितीतरी ग्रामीण कलाकारांनी तेथे नाव कमावले होते. बंदी योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही; पण आपल्या चाहत्यांपैकी एकाचाही फोन क्रमांक हाती नसणे किती महाग पडते, ते तेव्हा दिसले.

आपल्या वहिनींच्या बाबतीत एक सुचवतो. बाजारपेठेच्या नियमात बसत असेल तेथे प्रत्येक बरणीच्या लेबलावर त्यांचे स्वतःचे नाव, गाव आणि फोन क्रमांक स्वच्छ मराठीत आणि इंग्रजीत असावा. ग्राहकाला बाजारपेठेचे नाव लक्षात राहते आणि करणाऱ्याचे राहत नाही, असे फार वेळा घडते.

---

शिक्कामोर्तब

नावाच्या कायदेशीर बाजूविषयी थोडे लिहितो, कारण या क्षेत्रातील अर्ज भरणे हे माझे रोजचे काम आहे.

भौगोलिक मानांकन आणि व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) यांत लोकांची फार गल्लत होते. मानांकन हे त्या प्रदेशातील सर्व उत्पादकांचे असते; ते कोणा एकाच्या मालकीचे होत नाही. त्याचा अधिकृत वापर करण्यासाठी उत्पादकाने स्वतंत्रपणे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करून घ्यायची असते, आणि ही पायरी अनेक बागायतदार गाळतात. याउलट व्यापारचिन्ह एका व्यक्तीचे किंवा संस्थेचे असते. त्यामुळे 'देवगड हापूस' हे नाव स्वतःच्या ब्रँडचे नाव म्हणून नोंदवायला जाऊ नये. तसा अर्ज टिकणार नाही. बागेला स्वतःचे, वेगळे, लक्षात राहणारे नाव द्यावे आणि त्याच्या जोडीला मानांकनाचा उल्लेख करावा. व्यापारचिन्हाचा अर्ज मालाच्या प्रकारानुसार ठरलेल्या वर्गात करायचा असतो; ताज्या फळांसाठी तो ३१ वा वर्ग. आमरसासारखे प्रक्रिया केलेले पदार्थ वेगळ्या वर्गात येतात, म्हणून पुढे काय विकायचे आहे याचा विचार अर्जाच्या वेळीच करावा. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. इतरांना ९,००० रुपये. नोंदणी १० वर्षे चालते आणि नंतर नूतनीकरण करता येते. अर्ज दाखल करण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा सारखे नाव आधीपासून आहे का, हे अवश्य पाहावे. हा शोध विनामूल्य असतो. नोंदणी पूर्ण होण्यापूर्वी वर्तुळातील 'आर' हे चिन्ह वेष्टनावर छापू नये. तो गुन्हा ठरतो.

मुद्रितशोधक यांनी लिलावाचा विषय काढला, त्यात एक भर घालतो. आपल्या ब्रँडच्या नावावर दुसरा विक्रेता बोली लावू शकतो, म्हणजे ग्राहक आपले नाव शोधतो आणि सर्वांत वर स्पर्धकाची जाहिरात दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल आणि डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्यातील प्रकरणात असे म्हटले की, दुसऱ्याचे व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा वापरच आहे. मात्र ग्राहकाची दिशाभूल होत नसेल, तर तेवढ्यानेच उल्लंघन सिद्ध होत नाही. त्यामुळे असे काही आढळल्यास त्या जाहिरातीचा फोटो तारीख-वेळेसह जपून ठेवावा, कारण दिशाभूल दाखवून देण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

---

रंकाळा

हा धागा वाचून राहवले नाही. मी कोल्हापूरचा, आणि आमच्या नात्यात अजून चपला हाताने शिवल्या जातात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचे संयुक्त आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने जवळजवळ तशाच चपला आणल्या आणि त्यांचा उल्लेख केवळ चामडी सँडल असा केला. आपल्याकडे संताप झाला, कंपनीला या चपलांमागची भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य करावी लागली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिने आपल्या चर्मोद्योग महामंडळाशी व कर्नाटकातील महामंडळाशी मर्यादित संख्येच्या चपला येथेच बनवून घेण्याचा करार केला. या सगळ्याचा आनंद आहेच. पण मला सांगायचे आहे ते त्या जूनमधल्या पंधरवड्याविषयी, जेव्हा सारा देश 'कोल्हापुरी' हा शब्द शोधत होता.

त्या वेळी मागणी कोणाकडे गेली? ज्यांच्याकडे फोटो, मापे आणि दर तयार होते, त्यांच्याकडे. त्यांतले कित्येक जण यंत्रावर केलेल्या रेक्झिनच्या चपला विकत होते. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे, हाताने गुंफलेली वेणी, दोन्ही बाजूंचे कान, यांतले काहीही त्या चपलांना नव्हते, पण छायाचित्रात ते कळत नाही. खरा कारागीर आपल्या खोलीत बसून चपलेचा तळ ठोकत होता आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच ग्राहकाला ठाऊक नव्हता. मानांकन त्याच्याजवळ होते, कौशल्यही होते. त्याच्या नावाचा पत्ता तेवढा कोठे नव्हता. हे पाहून मन फार कष्टी झाले.

मापाचा प्रश्न आमच्याकडे सर्वांत अवघड आहे. कोल्हापुरी चप्पल पायावर बसायला काही दिवस घेते आणि कारखान्याच्या क्रमांकांशी तिचे माप नेमके जुळत नाही. म्हणून ऑनलाइन विकलेल्या जोडांपैकी पुष्कळ परत येत असत आणि जाण्या-येण्याचा खर्च कारागिराच्या माथी बसे. माझ्या मावसबहिणीने यावर साधी पद्धत बसवली. ग्राहकाने कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड काढायची, शेजारी पट्टी ठेवायची आणि वरून सरळ फोटो काढून पाठवायचा. तो फोटो पाहून ती पुढचा अंगठा किती सैल ठेवायचा ते कारागिराला सांगते आणि तळ कापल्यावर ग्राहकाला त्याचाही फोटो पाठवते. परत येणारे जोड एकदम कमी झाले. शिवाय आपल्या पायाच्या मापाचा तळ कापलेला पाहिल्यावर ग्राहक तो फोटो स्वतःच दहा जणांना दाखवतो. या पद्धतीला एक रुपयाची जाहिरात लागली नाही.

आता महामंडळाने क्यूआर संकेत आणला आहे, ज्यावरून चपलेचा आणि कारागिराचा माग काढता येतो. तो प्रत्येक खऱ्या जोडावर लागावा आणि त्यामागे कारागिराचे नाव ठळकपणे असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

---

जाईजुई

रंकाळादादा, कागदावरच्या पायाची युक्ती फार आवडली.

मी ठाण्यात दिवाळीचा फराळ करून देते. मला 'परीक्षण विकत घ्या' असे सांगणारे बरेच फोन येतात. अमुक रुपयांत पन्नास पंचतारांकित अभिप्राय, किंवा एखाद्या प्रसिद्ध खाद्य-चित्रफीतवाल्याकडून कौतुक, अशी सरळ दरपत्रके असतात. मी नकार देते आणि इतरांनीही द्यावा असे मला कळकळीने वाटते. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) नियम केले. त्यांनुसार पैसे किंवा माल घेऊन केलेले कौतुक ही जाहिरात आहे असे स्पष्ट दिसले पाहिजे. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. पण नियम बाजूला ठेवला तरी व्यवहार असा की, खोट्या कौतुकाने आलेली बाई माझी चकली कौतुकातल्या चकलीशी ताडून पाहते आणि दुखावून जाते. खरे अभिप्राय थोडे असले तरी त्यांत 'अनारसे थोडे कडक होते, पुढच्या खेपेला सांगितल्यावर मऊ मिळाले' असे काही असते. नवे लोक तेच वाचून मागणी देतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

---

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहते, म्हणजे या चर्चेतली केवळ ग्राहक. भारतीय आंब्याला अमेरिकेत २००७ मध्ये प्रवेश मिळाला आणि विकिरण प्रक्रिया (कीड मारण्यासाठी किरणांचा मारा) केल्याशिवाय तो येथे येत नाही. त्यात विमानभाडे. एवढी किंमत मोजताना आम्ही सुंदर संकेतस्थळ पाहत नाही. मराठी मंडळाच्या गटात कोणीतरी 'गेल्या वर्षी यांच्या खोक्यात चार फळे खराब निघाली आणि त्यांनी न मागता पैसे परत केले' असे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी त्या विक्रेत्याकडे रांग लागते. फराळाचेही तसेच. जाईजुई, परदेशी फराळ पाठवत असाल, तर डब्यावर घटक आणि तयार केल्याची तारीख इंग्रजीतही लिहा. आमच्या मुलांच्या शाळेतल्या ॲलर्जीच्या नियमांमुळे ते फार उपयोगी पडते.

---

तिठा

सर्वांचे आभार. एक प्रश्न उरला. वही तयार झाली. पण आंबा तीन महिने, फराळ एक महिना. उरलेले वर्ष ग्राहकाशी काय बोलायचे? रोज शुभ सकाळ पाठवणारे विक्रेते मी स्वतः बंद करून टाकते.

---

कातळसडा

योग्य प्रश्न. आम्ही वर्षभरात मोजकेच संदेश पाठवतो आणि प्रत्येकात बागेतली खरी बातमी असते. डिसेंबर-जानेवारीत मोहोर कसा आला, त्यावर फुलकिडे किंवा तुडतुडे आहेत का, थंडी पुरेशी पडली का. पुढे फळधारणा दिसली की पीक किती येईल याचा अंदाज. आणि तोडणीच्या आधी दर. ज्या वर्षी मोहोर जळतो त्या वर्षी तेही लिहितो. दर का वाढला ते मग एप्रिलमध्ये समजावून सांगावे लागत नाही, कारण ग्राहकाने जानेवारीपासून ते पाहिलेले असते.

एक व्यावहारिक सूचना. व्हॉट्सॲपची प्रसारण यादी २५६ जणांपुरती असते आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. म्हणून पहिली पेटी देताना क्रमांक साठवून ठेवण्याची विनंती करावी आणि संदेश पाठवले तर चालतील का, हेही विचारावे. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, त्यामुळे संमतीची नोंद ठेवलेली बरी. आमच्या वहीत नाव, गाव, फोन, संमती, घेतलेल्या पेट्या आणि आलेली तक्रार एवढेच रकाने आहेत. त्याची एक प्रत चुलतभावाकडे असते.

येत्या हंगामात रंकाळा यांच्या मावसबहिणींचे पाहून आम्ही प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घालणार आहोत: बाग कोणत्या गावची, झेल्याने (टोकाला जाळी असलेल्या काठीने) फळ कोणत्या तारखेला उतरवले, अढीत कधी घातले, कोणत्या दिवसापासून खाण्यास योग्य होईल आणि साका निघाल्यास फोटो कोणत्या क्रमांकावर पाठवावा. मजकुराचा कच्चा खर्डा उद्या येथेच टाकतो. हडसनकाठी आणि जाईजुई, त्यातले काय कळत नाही ते मोकळेपणाने सांगा.